छोट्या विम्याची हिरवी गाडी

मी एक जुनी हिरवी मोटारगाडी आहे. अंगाने लांबट, डिकीत भरपूर जागा असलेली आणि थंडीच्या सकाळी जरा खोकत सुरू होणारी. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी पेल्टोला नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे एल्वी केस्किला नावाच्या बाईंच्या लाकडी शेडमध्ये मी उभी असते.

मित्रांनो, माझ्या हातून मोठे पराक्रम झालेले नाहीत. पण एका गोष्टीचे मला फार कुतूहल वाटत आले आहे. गाडीला लागले, की तिला बरे कोण करते? गॅरेजवाला करतो, हे तर दिसतेच. पण त्याच्यामागे एक विमा कंपनी असते. गाडी कुठे पाठवायची, कोणता भाग नवा घालायचा आणि कोणता ठोकून सरळ करायचा, यात बहुतेक वेळा तिचाच शब्द चालतो. मग ही कंपनी छोटी असलेली बरी की मोठी? या प्रश्नावरून दोन सख्ख्या बहिणींमध्ये जे घडले, ते मी अगदी जवळून पाहिले. खरे तर ते माझ्याच अंगावर घडले.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. तिथे यंत्रांचे हात खाली यायचे, ठिणग्या उडायच्या आणि माझ्या अंगात आणखी एक हाड बसायचे. माझ्या मागोमाग त्याच पट्ट्यावरून एक विटकरी रंगाची गाडी सरकत येत होती. तोच साचा, तीच चाके, तेच दिवे. पुढे आम्ही एकाच मालमोटारीवरून एकाच दुकानात पोहोचलो आणि एकाच दिवशी विकल्या गेलो.

त्याचे असे झाले. एल्वी गाडी घ्यायला निघाली, तेव्हा तिची थोरली बहीण हिल्माही सोबत आली. एल्वीचा धंदा पियानो सुरात लावून देण्याचा. ती प्रत्येक गाडीचे दार उघडून मिटायची आणि कान देऊन ऐकायची. माझ्या दाराचा आवाज तिला पसंत पडला. ते पाहून हिल्मा विक्रेत्याला म्हणाली, "मलाही अशीच द्या. पण हिरवी नको. उगाच लोक म्हणायचे, धाकटीची नक्कल केली."

अशी विटकरी गाडी हिल्माकडे गेली.

माझी सुरुवातीची वर्षे फार सुखाची होती. एल्वी मला घेऊन दूरदूरच्या शाळांत, चर्चमध्ये, एकट्यादुकट्या घरांत जायची. डिकीत तिची हत्यारे, तारांची भेंडोळी आणि थर्मासमधली कॉफी असायची. हिवाळ्यात आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात. ते पोटाला चिकटले, की पत्रा गंजतो. म्हणून एल्वी घरी आली की आधी पाण्याचा फवारा माझ्या खालून मारायची आणि मग स्वतःचे बूट काढायची. लोक म्हणायचे, "बाई, गाडी अजून नवीन दिसते तुझी." तेव्हा मला किती बरे वाटायचे म्हणून सांगू.

विटकरी गाडीचे काम माझ्यापेक्षा अवघड होते. हिल्माचा नवरा रेनो जन्मभर लोहखनिज वाहणाऱ्या बोटींवर स्वयंपाकी होता. उतारवयात त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. त्याला डायलिसिससाठी आठवड्यातून अनेकदा शहरात न्यावे लागायचे. रस्ता जंगलातला, वळणांचा आणि अर्धे वर्ष बर्फाचा. ही खेप चुकवून चालणार नव्हते.

दोघी बहिणींचे विमे मात्र वेगवेगळे होते. एल्वीचा विमा गावातल्या जुन्या मंडळाचा. शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी मिळून ते कधीकाळी सुरू केले होते. त्याचे ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावर होते आणि सगळे काम डेल साविला नावाचा एकच माणूस बघायचा. हिल्माचा विमा होता एका अवाढव्य कंपनीचा. टीव्ही लावला की तिची जाहिरात.

रविवारी कॉफी पिताना दोघींची यावरून जुंपायची.

"तुझी ती माळ्यावरची कंपनी," हिल्मा म्हणायची, "उद्या गावात चार घरं जळाली तर खुर्च्या विकून तुझे पैसे देईल."

"तुझ्या कंपनीला तुझं नाव तरी ठाऊक आहे का?"

"माझा नंबर ठाऊक आहे. नाव कशाला हवंय? मला काय त्यांच्याकडे जेवायला जायचंय?"

रेनो मध्ये पडायचा नाही. तो वेलचीच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवत म्हणायचा, "मी बोटीवर होतो तेव्हा विमा बोटीचा असायचा. स्वयंपाक्याचं कुणी विचारलंच नाही."

मी अंगणात उभी राहून हे ऐकत असे. ती मोठी कंपनी म्हणजे नेमके कोण, याचा मला पत्ता लागत नव्हता. तिला डोळे असतील का? गाडी बघायला ती वाकत असेल का?

मग एका हिवाळ्यात उत्तर शोधायची वेळ आलीच.

चर्च सुटले होते. आवारात ताज्या बर्फाखाली काचेसारखा गुळगुळीत थर होता. हिल्मा घरी निघाली होती, पण पावाचा डबा विसरला म्हणून परत वळली. त्याच वेळी एल्वी मला मागे घेत होती. दोघींनी ब्रेक दाबले आणि दोन्ही गाड्या घसरतच राहिल्या. विटकरी गाडीचे तोंड माझ्या पाठीवर आदळले. आवाज असा झाला, की दारातले पाद्रीसुद्धा जागच्या जागी थांबले.

दोघी बहिणी खाली उतरल्या.

"मागे बघून गाडी काढायची असते, एल्वी."

"बघतच होते. आधी तू नव्हतीस. मग होतीस."

"म्हणजे मी आकाशातून पडले?"

रेनोने काच खाली केली. "तुमच्यापैकी कुणी मला घरी सोडणार आहे का? नाहीतर मी चालायला लागतो."

आमच्या राज्यात चूक कोणाचीही असली, तरी ज्याच्या त्याच्या गाडीची दुरुस्ती ज्याच्या त्याच्या विम्यातून होते. त्यामुळे त्या एका धडकेतून आम्ही दोघी दोन वाटांनी गेलो. मी छोट्या कंपनीच्या आणि ती मोठ्या कंपनीच्या.

माझ्याकडे दुसऱ्याच दिवशी डेल साविला स्वतः आला. जाडसर, हसतमुख माणूस. त्याने माझा चेपलेला बंपर पाहिला, वाकडी डिकी उघडून मिटली, मग एल्वीच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी घेतली आणि तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली. "व्हर्नकडे पाठवतो," तो म्हणाला. "गावातलाच आहे, लांब जायला नको." एल्वी खूश झाली. मीही झाले.

विटकरी गाडीला बघायला कोणीच आले नाही. हिल्माने फोनने फोटो काढून पाठवले आणि संध्याकाळपर्यंत मंजुरी आली. कंपनीने आपल्या यादीतले शहरातले एक गॅरेज सांगितले. आठवडा संपायच्या आत गाडी परत आली. बॉनेटमध्ये तोंड बघावे असा तिचा रंग होता. त्या काळात रेनोला न्यायला कंपनीने हिल्माला भाड्याची गाडीसुद्धा दिली. ही सोय एल्वीच्या मंडळात नव्हती.

मी मात्र व्हर्नच्या गॅरेजमध्ये बर्फ वितळू लागेपर्यंत पडून होते. एल्वी शेजाऱ्यांच्या गाड्यांतून पियानोच्या कामाला जायची. व्हर्न माणूस वाईट नव्हता. त्याने नवा बंपर लावला, रंग नीट जुळवला. पण स्टेपनी ठेवायचा खळगाही धडकेत दबला होता. त्याला त्याने हातोडीने ठोकले, फटीत काळा चिकट मसाला भरला आणि वरून गालिचा अंथरला. मला ते बरे वाटले नाही. पण मी कोणाला सांगणार?

परत आले त्या दिवशी हिल्मा अंगणात वाटच बघत होती. "आली का तुझी राणी माहेरपण करून?"

"डेलने स्वतः येऊन पाहिली हिला," एल्वी म्हणाली. "तुझ्या गाडीकडे ढुंकून तरी पाहिलं का कुणी?"

"बघायला कशाला हवं? बघ की कशी चमकतेय."

पण एल्वीचा कान तिला स्वस्थ बसू देईना. गाडी खड्ड्यातून गेली, की माझ्या मागून एक बद्द आवाज येई. पूर्वी तिथे स्वच्छ, घुमल्यासारखा आवाज व्हायचा. पाऊस झाला, की डिकीत कुबट वास यायचा. तिने गालिचा पुसला, हत्यारे हलवली, तरी आवाज जाईना. शेवटी वसंतातल्या एका रविवारी दुपारी ती मला घेऊन हिल्माच्या अंगणात आली आणि विटकरी गाडीच्या शेजारी उभी करून म्हणाली, "तुझी डिकी उघड."

"कशाला?"

"माझी मागून ठोकली गेली, तुझी पुढून. म्हणजे तुझी मागची बाजू कारखान्यातून आली तशीच आहे. मला शेजारी ठेवून बघायचंय."

हिल्मा बघत राहिली. मग तिलाही उत्सुकता वाटली असावी. दोघींनी दोन्ही डिक्या रिकाम्या केल्या, गालिचे उचलले, स्टेपन्या बाहेर काढल्या. एल्वीने विटकरी गाडीच्या खळग्यावर बोटाच्या पेराने टकटक केले. टणक, मोकळा आवाज आला. मग माझ्या खळग्यावर टकटक केले. ओल्या पुठ्ठ्यावर वाजवावे तसा आवाज आला. काळा मसाला एका कडेने सुटला होता, खाली पाणी साचले होते आणि पत्र्यावर गंजाचे तांबडे ठिपके उठले होते. खळग्याची कड विटकरी गाडीत सरळ होती, माझ्यात नागमोडी.

हिल्माने वाकून ती कड पाहिली. मग म्हणाली, "तरी मी सांगत होते."

एल्वी गंजाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत होती. तिचा चेहरा उतरला होता. डेलने फसवले, यापेक्षा आपण त्याच्या गप्पांवर विसंबून गाडीकडे पाहिलेच नाही, हे तिला जास्त लागले असावे.

तेवढ्यात पायरीवर बसलेला रेनो म्हणाला, "आता उलटं करा."

"उलटं म्हणजे?" हिल्माने विचारले.

"एल्वीच्या गाडीचं तोंड धड आहे. आपल्या गाडीचं तोंड त्याच्याशी ताडून बघा."

"काही गरज नाही. मोठ्या गॅरेजचं काम आहे ते."

"मग बघायला काय हरकत आहे?"

"रेनो, उगाच खुसपट काढू नकोस."

रेनो हळूच उठला. "हिल्मा, त्या गाडीत तुझ्या शेजारी मी बसतो. मला बघू दे."

हिल्माने नाइलाजाने टॉर्च आणला. एल्वी गवतावर आडवी झाली आणि बंपरच्या खालच्या जाळीतून तिने आधी माझ्या आत उजेड टाकला. बंपरच्या मागे जाड फोमचा पांढरा ठोकळा दिसत होता. त्याच्या मागे आडवी लोखंडी पट्टी. धक्का बसला तर आधी हा ठोकळा चेपतो, म्हणजे मागच्या भागांना आणि आत बसलेल्यांना मार कमी पोहोचतो. मग तिने विटकरी गाडीत उजेड टाकला.

"काय दिसतंय?" हिल्माने विचारले.

"पट्टी दिसतेय."

"आणि पांढरं?"

"पांढरं नाहीये."

हिल्मा स्वतः गवतावर आडवी झाली. अंगावर चर्चला घालायचे चांगले कपडे होते, तरी झाली. बराच वेळ ती आत बघत होती. उठली तेव्हा टॉर्च विझवायलाही विसरली. हिवाळ्याचे उरलेले सगळे दिवस त्या रिकाम्या तोंडामागे रेनोला बसवून ती जंगलातून गेली होती. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आत जा रेनो, गारठा आहे." गारठा काही नव्हता.

मित्रांनो, पुढे काय झाले ते तर फारच नवलाचे आहे.

एल्वीने फोन केला आणि डेल रात्रीच्या जेवणाच्या आधी हजर झाला. तो खडीवर उताणा पडून माझ्या खाली शिरला. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता.

"हे मशीनवर ओढून सरळ करायला हवं होतं," तो म्हणाला. "व्हर्नकडे ते मशीन नाही. मला माहीत होतं. जवळ आहे, आपला आहे, म्हणून पाठवली."

"आणि वरवर बघून कॉफी प्यायला बसलास."

"हो. बसलो."

"आता मी सांगेन तिथे गाडी जाईल."

"गॅरेज निवडायचा हक्क तुला आधीपासूनच होता, एल्वी. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

तो प्रामाणिक होता. पण त्याला मंडळाच्या बैठकीत मंजुरी घ्यावी लागणार होती, आणि मंडळातले निम्मे लोक पेरणीत गुंतलेले. दुरुस्तीची लेखी हमीही मंडळाकडे नव्हती. डेलचा शब्द हीच हमी. उन्हाळा आला तरी मी थांबूनच होते.

हिल्माची तऱ्हा वेगळी. तिने फोन लावला की आधी संगीत वाजायचे, मग एक आवाज यायचा. दर वेळी निराळा. दर वेळी ती सगळी कथा पहिल्यापासून सांगायची. "मी तुमची तक्रार समजू शकते," असे त्यातली एक बाई म्हणाली, तेव्हा हिल्मा म्हणाली, "समजू नकोस गं बाई, गाडी बघ." पण चिकाटीने विचारत राहिल्यावर एक गोष्ट कळली. यादीतल्या गॅरेजने केलेले काम निकृष्ट निघाले, तर गाडी हिल्माकडे असेपर्यंत ते पुन्हा करून द्यायला कंपनी बांधलेली होती. तसे लेखी होते. कोणी स्वतःहून सांगितले नव्हते इतकेच.

आणि गंमत बघा. माझ्यासाठी ते ओढायचे मशीन ज्या गॅरेजमध्ये होते, तेच शहरातले गॅरेज विटकरी गाडीचे काम करून बसले होते. त्यामुळे शेवटी आम्ही दोघी तिथे शेजारी शेजारी उभ्या राहिलो.

गॅरेजची व्यवस्था ट्रिशा नावाची तरतरीत बाई बघायची. हिल्माने तिला सरळ विचारले, "तो ठोकळा गेला कुठे?"

ट्रिशाने आधी संगणकात पाहिले. मग दार लावून घेतले. "तो आलाच नव्हता वेळेवर. कंपनी दिवस मोजते. गाडी उशिरा दिली की यादीतला आमचा नंबर खाली जातो. कुणीतरी ठरवलं असेल, नंतर घालू."

"नंतर कधी? माझा नवरा आपटल्यावर?"

ट्रिशाने मान खाली घातली. "तुमचा आज घालते. माझ्यासमोर."

"तुझ्यासमोर नको. माझ्यासमोर."

"ग्राहकांना आत यायला मनाई आहे."

"मग बंपर न लावता गाडी बाहेर आण. मी उन्हात उभी राहून बघते."

आणि तसेच झाले. विटकरी गाडी उघड्या तोंडाने बाहेर आली. हिल्माने आत हात घालून नवा ठोकळा चाचपला, दाबला, हलवून पाहिला, आणि मगच बंपर चढवू दिला. मला मशीनवर बांधून साखळीने ओढले, तेव्हा एल्वी दारात उभी राहून ऐकत होती. काम झाल्यावर तिने टकटक केले आणि समाधानाने मान हलवली. ज्या हातांनी एकदा घाईत काम उरकले होते, त्याच हातांनी या वेळी ते इतके चोख केले, की मीच चकित झाले.

परतताना हिल्मा म्हणाली, "तुझी छोटी आली धावत, पण तिच्या हातात काही नव्हतं. माझ्या मोठीच्या हातात सगळं होतं, पण ती येईना."

"आणि आपण दोघी नुसत्या भांडत बसलो," एल्वी म्हणाली.

त्याच शरद ऋतूत एके पहाटे हिल्मा रेनोला घेऊन शहराकडे निघाली. धुके होते. वळणावर एक हरीण झाडीतून थेट समोर आले. वळायला फारशी जागा नव्हती. हरणाला चुकवता चुकवता गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या जाड झाडावर तोंडाने आदळली.

शेजारणीच्या फोनने एल्वीला कळले. आम्ही पोहोचलो तेव्हा विटकरी गाडीचे तोंड अर्धे राहिले होते. काचेचा भुगा पडला होता आणि फुटलेला रेडिएटर वाफ सोडत होता. पण आतली जागा शाबूत होती, दारे उघडली होती, आणि रेनो रस्त्याकडेला ब्लँकेट पांघरून बसला होता. एअरबॅगने नाक सुजले होते. एल्वीला पाहताच तो म्हणाला, "हरीण पळालं. त्याचा विमा कुठला ते विचारायचं राहिलं."

हिल्मा हसली नाही. ती मोडक्या गाडीजवळ गेली, खाली वाकली आणि चुरा झालेल्या पांढऱ्या फोमचा एक तुकडा उचलून कोटाच्या खिशात ठेवला. फक्त त्यानेच दोघे वाचले, असे मी म्हणणार नाही. सीटचे पट्टे होते, एअरबॅगा होत्या, नशीब होते. पण हिल्माने हिशेब मांडला नाही. ती आली, माझ्या मागच्या सीटवर रेनोला बसवले आणि म्हणाली, "एल्वी, चल. त्याची वेळ चुकायला नको."

त्या दिवशी रेनोला मी शहरात नेले.

विटकरी गाडी दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती. मोठ्या कंपनीने त्या वेळी कसलीही खळखळ न करता गाडीची भरपाई चटकन दिली. त्याबद्दल हिल्माने सगळ्या गावात तिचे कौतुकही केले. एक मालमोटार येऊन माझ्या जुळ्या बहिणीला ओढत घेऊन गेली. वळणावर तिची मागची बाजू दिसली. ती अजून कारखान्यातून आल्यासारखी सरळ होती. पुढे तिचे काय झाले, ते मला कळले नाही.

आता एल्वी आणि हिल्मा दोघींत मिळून मी एकच गाडी आहे. आठवड्यातून काही दिवस रेनोची खेप आणि उरलेल्या दिवशी पियानो. माझा नवा विमा काढायची वेळ आली, तेव्हा दोघी डेलच्या ऑफिसात जाऊन बसल्या. खिडकीखाली मी उभी होते, त्यामुळे सगळे ऐकू आले. हिल्मा विचारत होती. गॅरेज कोण निवडणार? उघडल्यावर आत आणखी मोडलेले निघाले तर तू परत येऊन बघशील का? काम वाईट निघाले तर लेखी काय देशील? आणि बंद करण्याआधी आम्हाला आत बघू देतील, हे कोण सांगेल?

डेलने घाम पुसला. "हिल्मा, इतकं तुझ्या मोठ्या कंपनीला तरी विचारलं होतंस का?"

"नव्हतं विचारलं," हिल्मा म्हणाली. "म्हणून तर तुला विचारतेय. तुझी उत्तरं ऐकते, मग त्यांनाही फोन लावते. संगीत वाजेल तेवढा वेळ आहे माझ्याकडे."

अजून त्यांचे ठरलेले नाही. दोन्हीकडून उत्तरे येत आहेत आणि डेल हमीचा कागद तयार करतो आहे. मंडळात अशी हमी पहिल्यांदाच लिहिली जाते आहे म्हणे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी गाडी असेल. कधीतरी तीही ठेचकाळून गॅरेजात जाईल आणि चकाकत परत येईल. तेव्हा तिच्या रंगावर खूश होऊन किल्ली खिशात टाकू नका. कंपनी छोटी असो की मोठी, तिला प्रश्न विचारा. गालिचा उचला, जाळीतून उजेड टाका, टकटक करून ऐका. आम्हाला स्वतःची पाठ दिसत नाही आणि दुखले तरी सांगता येत नाही. आणि तुमची माणसे तर आमच्याच पोटात बसून जातात.